यंत्रासाठी फोडलेला नारळ

ऑपरेशनच्या सकाळी मी सहा वर्षांच्या नातीला ओल्या खोबऱ्याचा तुकडा खाऊ घातला. कबूल करते. तेव्हा मी चौसष्टची होते, म्हणजे तशी पोरसवदाच. आता अडुसष्टची झाले, थोडी अक्कल आली.

आंघोळ घालताना तिच्या पोटातली गाठ माझ्याच हाताला लागली होती. मूत्रपिंडाची निघाली. आधी औषधांनी ती आकसवली. मग पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान भोकं पाडून, यंत्राच्या हातांनी मूत्रपिंडासकट काढू, दुसरं मूत्रपिंड चांगलं आहे. "फक्त गाठ आत फुटता कामा नये." सुनेनं तेवढं एकच वाक्य मनात धरलं.

मी यंत्र धरलं.

"हात किती त्याला?"

"चार."

"अन् तुमी कुठं असनार?"

"त्याच खोलीत, कोपऱ्यात बसून ते हात मीच चालवणार. ते आपल्या मनानं काही करत नाही, आजी."

म्हणजे ट्रॅक्टरवरचा डायवर, असं मी समजून घेतलं आणि तिथंच घोटाळा झाला. नळदुर्गाजवळच्या आमच्या घरात नवं यंत्र नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नाही. ट्रॅक्टर झाला, मळणीयंत्र झालं, बोअरची गाडी झाली. मुलानं मिक्सर आणला तर त्यालाही फोडला, आणि पहिली चटणी त्याच नारळाची वाटली. मग या चार हातवाल्याला तसंच कसं सोडायचं?

पिशवीत लुगड्याखाली नारळ दडवून नेला. यंत्राजवळ कोण जाऊ देतंय? ऑपरेशनच्या खोलीकडं तोंड करून जिन्याच्या पायरीवर फोडला. पाणी खालच्या मजल्यापर्यंत गेलं. रखवालदार धावत आला, "आजी, इथं फोडायचं नसतं," म्हणाला आणि अर्धी वाटी घेऊन गेला.

उरलेल्यातला तुकडा नातीला दिला. नर्सनं सांगितलं होतं, पोरीला उपाशी ठेवा. चाळीस वर्षं एकादशी धरणाऱ्या बाईला उपास काय शिकवायचा? खोबरं उपासाला चालतं.

भुलीचे डॉक्टर आले. "काही खाल्लंस का बाळ?" पोरगी खरं बोलणारी, माझ्यावर गेलेली नाही.

"आज्जीनं खोबरं दिलं."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. भुलीत पोटातलं छातीत उतरलं तर जीव गुदमरतो, असं ते मला शांतपणे समजावत होते. मी म्हणाले, "पन उपासाला चालतंय की." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निघून गेले.

सून मला आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, गाठ फुटू नये म्हनून त्या बाई जिवाचं रान करायल्या, अन् तुमी दारात फोडाफोडी करताय?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी उरलेलं खोबरं गुपचूप पिशवीत लुगड्याखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी पोरीला आत नेलं. मी बाकावर बसले आणि प्रायश्चित्त म्हणून पाण्याचा थेंबही घेतला नाही. हाही शहाणपणाच. दुपारी मला घेरी आली, आणि सगळं सोडून एक नर्स माझी नाडी बघत बसली. सुनेनं लांबूनच पाण्याची बाटली पुढं केली. बोलली नाहीच.

अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाठ अखंड निघाली. पोरगी ठीक आहे." सून भिंतीला टेकून रडली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं लई वाटलं, पण माझा तो हात मलाच गुन्हेगार वाटत होता.

पोरगी शुद्धीवर आली. आत एकालाच सोडत होते. सून गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आत्या, ती आज्जी आज्जी करायली. जावा आत. पन आधी दोनी हात दाखवा, अन् कनवटीबी."