ताटाकडं न बघता

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. पलीकडून मेहुण्यांचा आवाज. "भाऊ, वैशू गेली…" एवढंच. सुरतेत आमचा गोतावळा मोठा. दशक्रियेला जमलेल्या सगळ्यांना मी सांगत राहिलो, अटॅक आला. हृदय बंद पडलं हे खोटं नव्हतं, पण ते का बंद पडलं हे मी गिळलं. वैशू माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, साड्यांची डिझाइन काढायची. तिला खाण्याचा आजार होता. हे वाक्य लिहायला मला इतके आठवडे लागले.

सुरतेतल्या नवागाम भागात, बहिणीच्या चाळीत गुजराती मुली आषाढात बिनमिठाचं व्रत करतात. शाळेत असताना वैशूनंही ते धरलं. मग सोमवार आले, चतुर्थी आली, एकादशी आली… उपास वाढत गेले आणि आमचं कौतुकही. मीच सगळ्यांत पुढं. पोर असावी तर अशी, असं घरोघर सांगायचो. बहीण एकदा हळूच म्हणाली, "भाऊ, पोर जेवत नही शे." देवाधर्माचं करतेय, टोकू नको, असं मी तिलाच गप्प केलं. मास्तर ना मी, माझा शब्द कोण मोडणार?

पुढं ती कामावर चक्कर येऊन पडली, तेव्हा मैत्रिणीनं तिला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, हा हट्ट नाही, भक्ती नाही, आजार आहे, आणि तो बरा होतो. मात्र जेवताना कुणीतरी सोबत बसायचं, आणि तिच्या ताटाबद्दल, अंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. बाहेर आल्यावर वैशू मला म्हणाली, "मामा, रविवारी येशील? काही पण बोल, फक्त ताटाकडं बघू नको."

मी जायचो. खिडकीकडं तोंड करून बसायचो आणि शाळेतल्या गमती सांगायचो. हेडमास्तरांची नक्कल केली की मागून तिचं हसू यायचं, "मामा, घास अडकेल ना!" ताट संपलं की ती उठून स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडायची. टर्र… म्हणजे झालं, आता वळ. कधी फार वेळ लागायचा, कधी आवाज यायचाच नाही. पण हळूहळू येऊ लागला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खान्देशात त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात. माझ्या घरी पंगत मांडलेली. आमरस, खापरावरचे मांडे. आग्रह केला नाही तर पाहुण्याचा मान राहत नाही, हे आमच्या रक्तातच. वैशूनं अर्धा मांडा स्वतःहून घेतला, आणि मला इतका आनंद झाला की दुसरा मीच तिच्या ताटात टाकला. वर सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा, आता कशी भरली आमची वैशू!" सगळे हसले. तीही हसली. ताट तसंच ठेवून हात धुवायला उठली…

पुढच्या रविवारी बहिणीचा निरोप आला, वैशू म्हणते सध्या येऊ नको. मला राग आला. एवढं प्रेमानं वाढलं, त्यात काय चुकलं? मी फोन केला नाही. डॉक्टरांकडं जाणंही तिनं बंद केलंय, हे बहिणीनं कळवलं, तरी नाही. ती गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या एका वाक्यानं हे झालं का? ते म्हणाले, एका वाक्यानं कुणी आजारी पडत नाही. बरं होताना माणूस घसरतोच, तेव्हा पुन्हा हात द्यायचा असतो. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून ते तसं म्हणाले असतील… मी मात्र तिथंच अडकलो. हात माझ्याकडं होता. मी तो रुसून मागं ठेवला होता.

तुमच्या घरी कुणी असं जेवणापासून लांब जात असेल तर त्याला उपासाचं, शिस्तीचं नाव देऊ नका. वेळेत डॉक्टर गाठा. आणि त्यानं दार लावलं तरी पुन्हा जा.

मी अजूनही रविवारी जातो. बहीण आता दोन घासांवर उठते, म्हणून तिच्यासोबत बसतो. खिडकीकडं तोंड करून शाळेतलं काहीबाही सांगतो. थोड्या वेळानं मागून ती म्हणते, "भाऊ, झालं." मी लगेच वळत नाही. पान फाटल्याचा आवाज अजून आलेला नसतो.