न बसवलेला वर्ग

बदलापूरच्या अध्यापक विद्यालयात वार्षिक पाठाच्या आठवड्यात एकच प्रश्न ऐकू येत असे: वर्ग बसवला का? नाटक बसवतात तसा वर्ग बसवायचा. पाठाच्या आदल्या दिवशी शाळेत जायचं, दुसऱ्या दिवशीचे प्रश्न मुलांकडून म्हणून घ्यायचे आणि कोणत्या प्रश्नाला कोण उठेल ते ठरवून यायचं. हुशार मुलांना अवघड उत्तरं, बाकीच्यांना एकेका शब्दाची. हात मात्र सगळ्यांनी वर करायचे.

यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. आमच्या तुकडीतल्या एका मुलीने वनस्पतींवरचा पाठ असाच बसवला होता. ऐन वेळी घाबरून तिने पान हवा कुठून घेतं हा तिसरा प्रश्न गाळला आणि चौथा विचारला: झाडाला पाणी कुठून मिळतं? तिसऱ्याची जबाबदारी असलेला मुलगा उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पर्णरंध्रांतून." बाह्य परीक्षक तक्ता भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. तिला तुकडीत सर्वांत जास्त गुण मिळाले.

माझा पाठ विज्ञानाचा होता. घटक: साधा विद्युत परिपथ. मी वयाने तुकडीत मोठी होते. आधी आठ वर्षं एका स्थानिक दैनिकात बातमीदारी केली होती, ते बंद पडल्यावर इकडे आले होते. वार्षिक पाठात नापास झालं तर पुढचं वर्षभर थांबावं लागणार होतं. नोकरी गेलेल्या माणसाला हे वर्ष परवडणारं नव्हतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहित्य आणायला उल्हासनगरच्या बाजारात गेले. पुस्तकातल्या आकृतीत टॉर्चचा काचेचा छोटा दिवा होता. तो तीन दुकानांत मिळाला नाही. चौथ्या दुकानातले सिंधी काका हसले.

"मॅडम, वो बल्ब अब कौन पूछता है? एलईडी घ्या. सिर्फ उलटा मत लगाना, जलेगा नहीं. लंबा पाय प्लस."

एलईडीला दोन बारीक तारांचे पाय असतात, एक लांब, एक आखूड. उलटी जोडली तर परिपथ पूर्ण असूनही ती पेटत नाही. पुस्तकातलं वाक्य होतं, परिपथ पूर्ण झाला की दिवा लागतो. दुकानात मिळणाऱ्या दिव्यासाठी ते वाक्य अपुरं होतं. हे मुलांना आधी सांगायचं नाही, असं परतीच्या रिक्षात ठरवलं.

पाठाचं टाचण मार्गदर्शक मॅडमच्या सहीशिवाय चालत नाही. त्यात दोन रकाने असतात. डावीकडे शिक्षकाचे प्रश्न, उजवीकडे विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरं. मॅडमनी पान उलटलं.

"उजवा रकाना कोरा का?"

"मुलांनी अजून उत्तरं दिलेली नाहीत, मॅडम."

"मग मी सही कशावर करू?"

"प्रश्नांवर."

त्यांनी टाचण परत केलं. दुसऱ्या दिवशी तेच टाचण पुन्हा नेलं. तिसऱ्या दिवशीही. बातमीदारीत माणसाला भेटण्याआधी त्याचं म्हणणं लिहून ठेवणाऱ्याला काय म्हणत, ते मॅडमना सांगितलं. त्यांना आवडलं नाही. शेवटी सही मिळाली. बाजूला लाल शाईत शेरा होता: समज दिली आहे.

शाळा अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूची. वर्गात गावातल्या जुन्या घरांतली आणि कारखान्यांत पाळी करणाऱ्यांची मुलं, मिळून छत्तीस. पाठाच्या आदल्या दिवशी बाक आणि फळा पाहायला गेले. वर्गशिक्षिका वाट पाहत होत्या. प्रश्न देऊन जा, मी शेवटच्या तासाला करून घेते, असं म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांना आधी ते नम्रतेचं बोलणं वाटलं. मग लक्षात आलं.

"ताई, तुम्ही उद्या जाल निघून. साहेबांसमोर मुलं गप्प बसली तर बोलणी मला खावी लागतील. माझी मुलं ढ ठरतील, तुम्ही नाही."

त्यांचं चुकीचं नव्हतं. तरी प्रश्न दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर बसले. वर्गशिक्षिका दारात. सहा गट केले. प्रत्येकाला दोन सेल, वायरचे तुकडे, चिकटपट्टी आणि एक पांढरी एलईडी. पहिला प्रश्न विचारला: दिवा लावायला काय काय करावं लागेल? एकही हात वर आला नाही. दारातून बांगड्यांचा आवाज आला. मी प्रश्न पुन्हा विचारला नाही, साहित्याकडे बोट दाखवलं.

चार गटांचे दिवे पेटले. पाचव्याचा सेल उलटा होता, तो त्यांनीच सुलट केला. सहावा गट खिडकीजवळचा. तिथली एक मुलगी वायरी दाबून दाबून पाहत होती.

"बाई, आमचा पन पुरा हाय. तरी नाय पेटत."

"तिच्या घरी पन बिल नाय भरला," कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. ती हसली नाही.

इथे उत्तर देता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं, आणि घड्याळात बारा मिनिटं उरली होती. मी तिला विचारलं, यातलं काय बिघडलं असेल, आणि ते कसं शोधशील?

तिने शेजारच्या गटाचे सेल मागून घेतले. दिवा लागला नाही. म्हणजे सेल बरे. वायरी बदलल्या. नाही. मग एलईडी काढून शेजाऱ्यांना दिली. त्यांच्याकडे ती लगेच पेटली. बाकीचे गट आपापली कामं सोडून तिच्या बाकाभोवती जमले. एकाने सेल चावून बघायचा सल्ला दिला. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं आणि तेही उभे राहून पाहत होते. तिने एलईडी परत आणून जोडली. नाही. मग तीच काढली, फिरवली, जोडली. पेटली. तिने पुन्हा फिरवून विझवली, पुन्हा पेटवली. असं चार वेळा केलं.

घंटा झाली. मूल्यमापनाचे प्रश्न राहिले, गृहपाठ राहिला.

"निष्कर्ष फळ्यावर आला नाही," परीक्षक म्हणाले.

"अजून निघालेला नाही, सर."

मग त्या मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, आता दिवा का लागला?

"एक पाय लांब हाय. तो इकडं लावला का पेटतो, तिकडं लावला का नाय." ती थांबली. "पन का, ते माहीत नाय."

वर्गशिक्षिका दारातून आत आल्या आणि मुलांना जागेवर बसवू लागल्या. त्या मुलीला मात्र त्यांनी तिथेच उभं राहू दिलं.

परीक्षकांनी तीन शेरे लिहिले: पाठ टाचणाप्रमाणे नाही, निष्कर्ष नाही, वेळेचं नियोजन नाही. उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले, वर एकही नाही.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. एवढ्या गुणांवर नोकरीच्या यादीत नाव खूप खाली जाईल, असं त्यांनी समजावलं. पाठ पुन्हा देण्याची सोय होती. त्यासाठी अर्ज करायचा आणि या वेळी वर्ग नीट तयार करून घ्यायचा. हे त्या आपुलकीने सांगत होत्या. मी कागद मागून घेतला आणि त्यांच्याच टेबलावर लिहिलं: तिन्ही शेरे वस्तुस्थितीला धरून आहेत. पुन्हा संधी मिळाली तरी पाठ असाच देईन, म्हणून संधी नको.

मॅडमनी ते वाचलं. उद्धट वाटतं, म्हणाल्या. शब्द बदलून आणता का, असंही विचारलं.

शब्द बदलले नाहीत. लिपिकाने त्यावर आवकचा शिक्का मारला आणि कागद माझ्या फायलीत, गुणपत्रकाच्या मागे लावला.