अँटिव्हायरसने सोडलेला फोल्डर

मित्रहो, आज सकाळी माझ्या चहावर साय धरली आणि त्याला सर्वस्वी अँटिव्हायरस जबाबदार आहे, याची नोंद घ्यावी.

औशाच्या सेवा केंद्रात लेकीच्या प्रवेश अर्जाला, तिथेच मागे स्कॅन करून ठेवलेला जातीचा दाखला जोडायचा होता. केंद्रचालक बालाजीराव फाइल उघडत, की अँटिव्हायरस तिची षोडशोपचारे तपासणी करी. बंद करून पुन्हा उघडली, की पुन्हा तपासणी; तोवर माझ्यासमोरचा चहा गार. माझ्या लग्नात पत्रिकासुद्धा एकदाच पाहिली होती.

"अहो, आत्ताच तपासलेली फाइल हा परत कशाला बघतोय?" मी तडकलो.

"कम्प्युटर जुना हाय साहेब, लई दमून राहिलाय. हा फोल्डर तपासणीतून वगळू का? मग बघा कसा पळतो."

"वगळा की."

दाखला क्षणात उघडला. तेवढ्यात रांगेत मागे उभ्या मावशींनी पेनड्राइव्ह पुढे केला. बालाजीरावांनी त्यातल्या फाइली त्याच फोल्डरात ओतल्या.

"सगळ्यांचे कागद इथंच ठेवतो मावशी. पुढच्या खेपेला आणायची गरज न्हाई."

म्हणजे गावभरचे पेनड्राइव्ह जिथे रिकामे होतात, नेमका तिथलाच पहारा उठवला. जुन्या कम्प्युटरवाल्यांनी एकतर वेग घ्यावा नाहीतर सुरक्षा, हा कुठला न्याय? हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी तालुक्याचं सेवा केंद्र कधी पाहिलंय का?

पण तिथे मी गप्प बसलो, कारण माझं काम झालं होतं. लेकीचे मूळ कागद लातूरच्या जुन्या कॉलेजात अडकलेत, स्कॅन तेवढे त्या फोल्डरात आहेत. व्हायरस शिरून ते गेले आणि तिचा प्रवेश हुकला, तर तिला काय सांगू, ते मला सुचत नाहीये.