सिस्टर गप्प बसल्या तो दिवस

वीस वर्षं बायकांच्या वॉर्डात काढलेल्या मोठ्या सिस्टरना कायदा तोंडपाठ होता: गर्भपाताला सही फक्त त्या बाईची लागते. तरी शिवणकाम करणाऱ्या एका पोरीला डॉक्टरांनी "नवऱ्याची सही आण" म्हणून परत पाठवलं, तेव्हा सिस्टर मूग गिळून बसल्या. पोर नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलेली. सही कुठून आणणार? तिने कुणा बाईकडून काढा घेतला आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणत परत आली.

"सिस्टर, तुम्ही तिथंच उभ्या होतात ना?" एवढंच ती बोलली. दुपारी ती गेली.

चौकशीत सिस्टरनी सगळं खरं सांगितलं, स्वतःचं गप्प बसणंही. डॉक्टरांची बदली झाली. सिस्टरना मात्र कुणीच बोल लावला नाही, आणि तेच त्यांना अजून सलतं.