गावाने तपासलेला प्रबंध

२००६ साली न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये ती एकदाच माझ्या शेजारी बसली. तिशीची, कानावर पेन्सिल, मांडीवर कागदांचा गठ्ठा. खोडरबराचा चुरा माझ्या पँटवर पडला की "सॉरी हं" म्हणून स्वतःच झटकायची.

गडचिरोलीतलं एक गाव आपलं जंगल कसं राखतं, यावर ती पीएचडी करत होती. एक प्रकरण तिने मराठीत करून गावाला पाठवलं. ग्रामसभेत ते वाचलं गेलं आणि दुरुस्त्यांसकट परत आलं.

"एका मावशींनी लिहिलंय बघा," ती हसत म्हणाली, "'पोरी, नियम पुरुषांनी केले म्हणतेस. पहारा तर आम्ही बायका देतो.' मी दोन महिने ओसरीवर पुरुषांशीच बोलत बसले होते! आख्खं प्रकरण कॅन्सल केलं. शनिवारी परत जातेय."

"डिग्री लांबेल ना?"

"वर्षभर तरी. प्रोफेसर वैतागलेत. पण आधी मावशींनी पास करायला हवं!"

बस थांबली, ती गर्दीत मिसळली. नाव विचारायचं राहिलंच.

मी तीन वर्षं एका विमा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. तो वापरणारी माणसं खालच्याच मजल्यावर बसायची. त्या दिवशी लंचमध्ये मी पहिल्यांदा जिना उतरलो.