जेवायच्या आत निकाल

मार्च-एप्रिलच्या रविवारी मी भांडुपच्या घरात टीव्हीवर युरोपातली एका दिवसाची सायकल शर्यत लावून बसतो.

"चिखलात सायकल हाणणारे गोरे बघून तुला काय मिळतं रे?" बायको विचारते.

निकाल मिळतो! आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा फैसला बारा वर्षं पुढच्या मिटिंगवर ढकलतायत साले. इथे हरलेला माणूस निदान त्याच दिवशी हरून मोकळा होतो.

ब्याऐंशीच्या गिरणी संपात नोकरी गेलेले बाबा परवा शेजारी येऊन बसले.

"उद्या परत आसा?"

"नाही बाबा. आजच संपणार, जेवायच्या आत."



"बरा आसा," बाबा म्हणाले. "आमचो संप अजून कोणी मागे घेवक नाय."