ग्लोव्जचा डबा

"ग्लोव्ज घालून हात लाव. फिश का स्मेल आ रहा है."

वाशीचा हॉल, रविवार, दुसरी फेरी. मी कार्ड गेमच्या टूर्नामेंटची जज. काळा शर्ट, छातीवर लेव्हल वनचा बिल्ला. खेळाडूचा डेक उचलायचा आणि तपासायचा, हे माझं काम. साठ कार्डं, प्रत्येक प्लास्टिकच्या कव्हरात. समोरचा माझ्याच वयाचा. त्याने डेकवर पंजा ठेवला आणि हे बोलला. आजूबाजूची टेबलं ऐकत होती.

सकाळी आईबरोबर कोलंबी सोलली होती. आम्ही तळवलीचे, आई घणसोलीच्या बाजारात मासळी विकते. रविवारी तिला माझे हात लागतात. निघताना लिंबू चोळलं होतं, साबण दोनदा. तरी राहिला असेल वास.

वाटलं, हेड जज त्याला झापतील. जजने मागितला की डेक द्यायचा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. ते आले, हसले, फर्स्ट एडच्या कपाटातून ग्लोव्जचा डबा आणला. म्हणाले, "घाल ना यार, कशाला इश्यू."

मी घातले. हे अजून पचत नाही मला. दिवसभर घातले. बाकी कुणीच नाही, मी एकटी.

आता आदित्यचं सांगते. नेरुळला टॉवरमध्ये राहतो. सीवूड्सच्या ज्या दुकानात मी काउंटरवर असते, तिथे तो खेळायला यायचा. नियम मी शिकवले त्याला. डोळे मिटायचे, कार्डांच्या कडेवरून बोट फिरवायचं, एखादा कोपरा मुडपलेला असला की बोटाला कळतो. तसं कार्ड पाठीमागूनही ओळखू येतं, म्हणजे चीटिंगला वाव. ही माझी युक्ती. लेव्हल वन आम्ही एकाच दिवशी पास झालो. मग बापाने त्याला सिंगापूरला जजेसच्या कॉन्फरन्सला पाठवलं. मी फोटो बघितले. एकेक फोटो मोठा करून बघितला. जळले. सरळ सांगते, जळले.

त्या रविवारी आदित्यही जज होता. सेमीफायनलला त्याने तोच डेक पुन्हा तपासला, ज्याला मी ग्लोव्ज घालून पास म्हटलं होतं. डोळे मिटले, बोट फिरवलं. चार कार्डांचे कोपरे मुडपलेले. मुद्दाम होते की नाही, मला माहीत नाही. पण रबरातून मला ते कळले नव्हते.

हेड जजनी त्याची पाठ थोपटली. लेव्हल टूला वरच्या जजची शिफारस लागते. ती आदित्यला मिळाली. माझ्या रिव्ह्यूमध्ये त्यांनी लिहिलं, "स्पर्शाने तपासण्यात कमी पडते." ग्लोव्जचा शब्द नाही. आदित्यने तो रिव्ह्यू वाचला आणि गप्प बसला. एक शब्द बोलला असता तर माझं नाव खराब झालं नसतं.

घरी मोरीत दगडाने हात घासत बसले. आई बघत होती.

"एवरे नको घासू, कातरी जाईल. माजे हातांना पन वास हाय. मंग काय हात तोरू?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिला कुठून कळलं? तिला आयुष्यभर कुणी काय काय म्हटलं असेल, हे मी कधी विचारलंच नाही. न विचारल्याची लाज वाटली.

पुढची टूर्नामेंट जुईनगरला. हेड जज डबा घेऊनच आले. "आज नीट कर, तुझंही नाव टाकतो लेव्हल टूला." आदित्य बाजूलाच. लेव्हल टूचा नवा बिल्ला, उघडे हात.

तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या, खोटं कशाला बोलू. तो बिल्ला मला हवाच होता. मी डबा उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"सगळे जज घालणार असतील तर मी पण घालते. नाहीतर कुणीच नाही."

"मग शिफारस विसर."

"तुमची विसरले."

त्या दिवशी मला एकाही डेकला हात लावू दिला नाही. खुर्च्या लावल्या मी. सगळ्या, रांगेत. घरी येऊन हेड जजचा रिव्ह्यू लिहिला. खालचा जज वरच्याचा लिहू शकतो, कुणी लिहीत नाही एवढंच. कोण काय बोललं, कुणी ग्लोव्ज दिले, कुणाला दिले नाहीत, सगळं लिहिलं. आदित्य गप्प बसला, तेही. खाली माझं नाव.

आता इथे कुणी माझी शिफारस करणार नाही. करू नका. बंगळुरूला दुसरे जज आहेत, तिथे जाऊन काम करीन, त्यांच्यासमोर परीक्षा देईन. एकदा नापास झाले तर परत बसेन. आदित्यवर अजून जळते, आणि हे जळणं मी विझवणार नाही.

जायच्या सकाळी कोलंबी सोलीन. हात साबणाने धुवीन, सगळे धुतात तसे, एकदाच. मग समोर डेक येईल. मी डोळे मिटीन आणि बोट फिरवीन.